ताज्या टोमॅटोचा पास्ता सॉस : एका जुन्या वादाचा आढावा

टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ, लसणाची एखादी पाकळी आणि बेसिलची चार पानं. इटलीतल्या घरगुती पास्ता सॉसचं साहित्य एवढ्यात संपतं. पण या पाच जिनसांवरून पाककृती लिहिणारे, आचारी, अन्नशास्त्रज्ञ आणि घरोघरच्या आज्या पिढ्यान् पिढ्या वाद घालत आल्या आहेत. टोमॅटो ताजा घ्यावा की डब्यातला? साल काढावी का? बिया राहू द्याव्यात का? वीस मिनिटं शिजवावा की सहा तास? साखर घालावी की ती फसवणूक मानावी? आपल्याकडच्या शहरी घरांत पास्ता रुळला तसे हे प्रश्न आपल्या ओट्यापर्यंतही आले आहेत.

या वादातल्या सगळ्या बाजू एकापाठोपाठ वाचल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक जण आपापल्या टोमॅटोबद्दल खरं बोलत असतो. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी ऑगस्टात वेलीवर पिकलेला टोमॅटो आणि न्यूयॉर्कच्या दुकानात जानेवारीत मिळणारा टोमॅटो यांना एकच कृती लागू पडेल कशी? म्हणून इथे प्रत्येक मताबरोबर ते कोणत्या टोमॅटोवर उभं आहे, हेही पाहत जाऊ.

पार्श्वभूमी

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेचा. मेक्सिकोत त्याची लागवड स्थिरावली आणि स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला. इटलीतली त्याची एक जुनी नोंद १५४८ च्या ऑक्टोबरातली आहे. कोसिमो दे मेदिचीच्या घरी टोमॅटोची टोपली पोचल्याचं त्याच्या कारभाऱ्याने पत्रात कळवलं होतं. तरी स्वयंपाकघरात शिरायला या फळाला बराच काळ लागला. नेपल्समध्ये काम करणाऱ्या आंतोनियो लातिनीने १६९० च्या दशकात आपल्या ग्रंथात 'स्पॅनिश पद्धतीचा' टोमॅटो सॉस दिला. त्यात टोमॅटो निखाऱ्यावर भाजून, सोलून बारीक चिरायचे आणि त्यात कांदा, मिरची, मीठ, तेल व व्हिनेगर मिसळायचं. आपल्या भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीच्या जवळ जाणारा हा पदार्थ उकडलेल्या पदार्थांबरोबर खायचा होता, पास्त्याशी त्याचा संबंध नव्हता.

पास्ता तोवर प्रामुख्याने चीज घालून खाल्ला जाई. पास्ता आणि टोमॅटो एकत्र आल्याचा लेखी पुरावा म्हणून फ्रान्चेस्को लिओनार्दीच्या १७९० च्या 'लापिचियो मोदेर्नो' या ग्रंथाकडे बोट दाखवलं जातं. त्यानंतर इप्पोलितो काव्हालकांतीने आपल्या पाककृतींच्या पुस्तकाच्या १८३९ च्या आवृत्तीत नेपल्सच्या बोलीत टोमॅटो घातलेल्या शेवयांची कृती लिहिली. म्हणजे ज्याला आपण इटलीची सनातन ओळख समजतो, तो पदार्थ जेमतेम दोन-सव्वादोनशे वर्षांचा आहे.

१८९१ मध्ये पेल्लेग्रीनो आर्तुसीचं पाककृतींचं पुस्तक आलं. त्यात त्याने टोमॅटोच्या दोन वेगळ्या कृती दिल्या. एक अगदी साधी, टोमॅटो शिजवून गाळून घेण्याची. दुसरीत कांदा, लसूण, सेलरी, बेसिल, पार्सली, तेल, मीठ, मिरपूड आणि सात-आठ टोमॅटो एकदमच पातेल्यात घालायचे, पातळ सायीसारखं दाट होईपर्यंत उकळायचे आणि चाळणीतून काढायचे. फक्त टोमॅटो, की टोमॅटोला चार सोबती? आजच्या वादाची मुख्य फूट या दोन कृतींमध्ये तेव्हाच पडलेली दिसते.

त्याच एकोणिसाव्या शतकात डबाबंद करण्याचं तंत्र आलं. निकोला अपेरने बाटल्या उकळून अन्न टिकवण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. फ्रान्चेस्को चिरियोने १८५६ मध्ये तुरीनला वाटाण्याचे डबे भरायला सुरुवात केली, आणि पुढे टोमॅटोच्या प्रक्रियेचा मोठा उद्योग नेपल्स आणि पार्मा या दोन भागांत उभा राहिला. अमेरिकेत गेलेल्या इटालियन स्थलांतरितांना हा डबा बारा महिने मिळू लागला. टोमॅटोचा घट्ट गोळा, ओरेगानो, भरपूर लसूण आणि तासन् तास मंद आच असलेला त्यांचा लाल सॉस तिथे घडला. इटलीतून पाहणाऱ्याला तो परका वाटतो, पण त्याची स्वतःची परंपरा आता शंभर वर्षांची आहे आणि तिला दुय्यम ठरवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

ताजा की डब्यातला

वादाचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच. ताज्याच्या बाजूचं म्हणणं सुगंधाचं आहे. टोमॅटो चिरला की पेशी फुटतात, विकरं कामाला लागतात आणि तो हिरवट, तजेलदार वास तयार होतो. डब्यातला टोमॅटो आधीच तापवलेला असल्याने हा वास त्यात उरत नाही. त्याऐवजी शिजलेल्या टोमॅटोचा जड, गोडसर वास येतो. अन्नविज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरल्ड मॅगीने तर सॉस उतरवताना टोमॅटोच्या झाडाची थोडी पानं घालून तो हिरवा वास परत आणण्याचा मार्ग नोंदवला आहे.

डब्याच्या बाजूचं म्हणणं पक्वतेचं आहे. कारखान्यासाठीचा टोमॅटो शेतात पूर्ण पिकू देतात आणि तोडल्यावर लवकरात लवकर डब्यात भरतात. बाजारातला 'ताजा' टोमॅटो मात्र लांबचा प्रवास सोसावा म्हणून रंग धरू लागतानाच तोडलेला असतो. 'सान मार्झानो' या लांबट, जाड गराच्या, कमी बियांच्या वाणाला १९९६ मध्ये युरोपीय संघाचं मूळस्थानाचं संरक्षण मिळालं, ते सोलून डब्यात भरलेल्या टोमॅटोसाठी. जगात ज्याची सर्वाधिक वाखाणणी होते, तो सॉसचा टोमॅटो मुळात डब्यातला माल आहे, हे ताज्याच्या कैवाऱ्यांनीही लक्षात घ्यायला हवं.

इटालियन पाककृतींच्या लेखिका मार्चेल्ला हाझान यांची भूमिका या दोहोंच्या मधली आहे. त्यांच्या प्रसिद्ध कृतीत सुमारे ९०० ग्रॅम ताजे टोमॅटो किंवा डब्यातले टोमॅटो, पाच टेबलस्पून लोणी आणि मधोमध कापलेला एक कांदा, एवढंच असतं. पाऊण तास मंद आचेवर ठेवायचं आणि शेवटी कांदा काढून टाकायचा. टोमॅटो खरोखर पिकलेला असेल तर ताजा घ्या, नसेल तर डबा उघडा, हा त्यांचा निकष. मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

विज्ञानाने या मुद्द्यावर दोन महत्त्वाच्या गोष्टींची भर घातली. २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं, की फळ एकसारखं पिकावं म्हणून पैदासकारांनी निवडलेल्या गुणामुळे फळातली हरितद्रव्यं आणि पर्यायाने साखर कमी झाली. देठाजवळचा जुना हिरवा पट्टा गेला, त्याबरोबर थोडी गोडीही गेली. २०१६ च्या अभ्यासाने शीतगृहाचा प्रश्न सोडवला. साधारण १२ अंशांखाली ठेवलेल्या टोमॅटोत सुगंधी द्रव्यं तयार करणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं आणि बाहेर काढून ठेवलं तरी ते पूर्ववत होत नाही. साखर आणि आम्ल मात्र जवळपास तसंच राहतं. सॉससाठी आणलेले टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत, या सल्ल्यामागे आता भक्कम आधार आहे.

साल, बिया आणि पुरणयंत्र

साल काढावी, यावर बहुतेकांचं एकमत आहे. ती शिजून विरघळत नाही, तिची सुरळी होते आणि तोंडात कागदासारखी येते. पद्धती तीन. पहिली सर्वांना माहीत असलेली, म्हणजे टोमॅटोच्या बुडाला फुलीची चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट सोडायचा आणि गार पाण्यात टाकायचा. दुसरी स्पेनमध्ये फार वापरतात. टोमॅटो आडवा अर्धा कापायचा आणि कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर घासायची. गर भराभर खाली पडतो, तळहाताखालची साल हळूहळू सपाट होत जाते आणि शेवटी नुसतं चामडं हातात उरतं. पाणी उकळायला नको, सोलायला नको. किलोभर टोमॅटोसाठी मी हीच पद्धत सुचवेन. तिसरी म्हणजे फोडी साल-बियांसकट शिजवून गाळायच्या. इटलीत यासाठी मुठीने फिरवायचं, खाली जाळी असलेलं भांडं असतं. आपल्या घरातलं पुरणयंत्र हेच काम करतं. बारीक जाळी लावली की बिया आणि साल वर, रस खाली.

मिक्सरबद्दल मतभेद आहेत. मिक्सरमध्ये हवा शिरते आणि सॉसचा लाल रंग केशरी-गुलाबीकडे झुकतो. बिया फुटून कडवटपणा येतो, असंही अनेक आचारी सांगतात. मिक्सर वापरायचाच तर सॉस शिजण्याआधी वापरावा आणि नंतर आटवून हवा जाऊ द्यावी, हा व्यवहार्य तोडगा.

बियांचा प्रश्न अधिक अवघड आहे. इटालियन पुस्तकं बिया आणि भोवतालचा बुळबुळीत रस काढून टाका म्हणतात, कारण त्यात पाणी जास्त आणि आंबटपणाही जास्त. पण रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी हेस्टन ब्लुमेंथाल या आचाऱ्याबरोबर २००७ मध्ये केलेल्या मोजणीत वेगळंच दिसलं. बाहेरच्या गरात ग्लुटामिक आम्ल सरासरी १.२६ ग्रॅम प्रतिकिलो आणि बियांभोवतीच्या रसात ४.५६ ग्रॅम. मांसाच्या रश्शात जी भरीव, तोंडभर चव असते ती याच द्रव्याची. म्हणजे आपण जो भाग मोरीत ओततो, तिथेच चवीचा मोठा साठा असतो. यावर बियांचा भाग वेगळा काढून गाळायचा, बिया टाकायच्या आणि रस परत पातेल्यात घालायचा, असा मार्ग निघाला आहे. कष्ट थोडे वाढतात, पण दोन्ही बाजूंचं समाधान होतं.

किती वेळ शिजवावं

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. सॉस करणं म्हणजे बव्हंशी हे पाणी घालवणं. किती वेगाने घालवायचं, यावर दोन घराणी आहेत.

झटपट घराण्याची कृती रुंद, पसरट भांड्यातली. तेलात लसूण हलकेच परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही, टोमॅटो घालायचे आणि मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटांत उतरवायचं. यात ताजेपणा टिकतो, म्हणूनच पूर्ण पिकलेला टोमॅटो हवा. दुसरं घराणं संथ. नेपल्सचा मांसाचा रागू सहा-सात तास नुसता बुडबुडत राहतो. एदुआर्दो दे फिलिप्पोच्या १९५९ च्या 'शनिवार, रविवार, सोमवार' या नाटकात एका कुटुंबाचं भांडण याच रागूभोवती फिरतं, यावरून नेपल्समधलं त्याचं स्थान कळावं. अमेरिकेतले पाककृतीलेखक जे. केंजी लोपेझ-आल्ट यांनी हाच संथपणा ओव्हनमध्ये नेला. तिथे उष्णता सगळीकडून येते, भांड्याच्या कडांवरचा सॉस तपकिरी होतो आणि तो खरवडून परत मिसळला की खमंगपणा येतो.

दाटपणामागे पेक्टिनचं गणित आहे. टोमॅटो चिरून तसाच ठेवला किंवा हळूहळू कोमट केला, तर त्याची स्वतःची विकरं पेक्टिन तोडतात आणि सॉस पाणचट होतो. चिरल्याबरोबर झपाट्याने ९० अंशांच्या आसपास तापवला तर विकरं निकामी होतात आणि सॉस दाट राहतो. कारखान्यांत या दोन्ही पद्धती मुद्दाम वापरतात. पहिलीत वास ताजा राहतो, दुसरीत अंग धरतं. घरी दाट सॉस हवा असेल तर तापलेल्या भांड्यात टोमॅटो चिरत-चिरत घालावेत.

सॉस झाला, हे ओळखायच्या खुणा मात्र सगळीकडे सारख्या. डाव फिरवल्यावर बुडाशी वाट उघडी राहते आणि लगेच बुजत नाही. कडेने तेल सुटतं, जसं आपण रस्सा शिजल्याचं ओळखतो. थेंबभर ताटलीत टाकला तर भोवती पाण्याचं कडं धरत नाही. कुकर यासाठी उपयोगाचा नाही, कारण त्यात पाणी बाहेर जायला वाटच नसते. भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं असावं. बिडाच्या वा साध्या अॅल्युमिनियमच्या कढईत आंबटपणामुळे धातूची चव उतरते.

कांदा, लसूण, लोणी, बेसिल

कांदा की लसूण, हा प्रश्न इटलीत हळवा आहे. एका सॉसमध्ये दोहोंपैकी एकच, असं अनेक घरांत मानतात. २०१५ मध्ये कार्लो क्राक्को या नामवंत आचाऱ्याने आमात्रिचियाना सॉसमध्ये लसूण घालतो म्हटल्यावर आमात्रिचे गावाने जाहीर निषेध नोंदवला होता. कांदा गोडी देतो, लसूण वास देतो. टोमॅटो आंबट असेल तर कांद्याकडे आणि गोड असेल तर लसणाकडे झुकणं मला सयुक्तिक वाटतं.

लोणी की ऑलिव्ह तेल, यात भूगोल आहे. उत्तर इटलीत दूधदुभतं, दक्षिणेत ऑलिव्हच्या बागा. लोणी आंबटपणा बोथट करतं, तेल तो उघडा ठेवतं. स्निग्धता कुठलीही असो, टोमॅटोतलं लायकोपीन ती असल्याखेरीज शरीरात नीट शोषलं जात नाही.

बेसिलच्या जागी अंगणातली तुळस घालावी का, हे आपल्याकडे बऱ्याचदा विचारलं जातं. आपल्या तुळशीला लवंगेसारखा तिखट वास असतो आणि सॉसवर तो कुरघोडी करतो. बेसिल ही तुळशीच्या कुळातली वेगळी जात, जिच्या बिया आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो. सब्जाचे दाणे कुंडीत पेरले तर त्याच जातीचं रोप येतं. वास दर बियाणाचा थोडा वेगळा असतो, पण तुळशीपेक्षा ते कितीतरी जवळचं. पानं शेवटी, आच बंद करताना घालावीत. लवकर घातली तर ती काळी पडतात आणि वास उडून जातो.

आंबटपणा आणि साखर

इथे चार मतं आहेत. पहिलं : काही घालू नका, आंबटपणा हा टोमॅटोचा स्वभाव आहे. दुसरं : चिमूटभर साखर. तिसरं : किसलेलं गाजर, कारण त्याची गोडी वेगळी जाणवत नाही. चौथं : खाण्याचा सोडा. साखर किंवा गाजर घातलं तरी आम्ल तसंच राहतं, फक्त त्याची जाणीव कमी होते. सोडा मात्र खरोखर आम्ल मारतो, त्यामुळे सॉस फसफसतो. किलोला पाव चमच्यापेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. माझा कल मिठाकडे आहे. सॉस आंबट लागतो तेव्हा बऱ्याचदा मीठ कमी असतं. शेवटी मीठ चाखून घालावं आणि मगच साखरेच्या डब्याकडे हात न्यावा.

साठवण

दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये सगळं कुटुंब जमून वर्षाचा टोमॅटो बाटल्यांत भरतं. आपल्याकडे स्वस्ताईत हे करण्याचा मोह होतो, पण इथे वादाला जागा कमी आणि सावधगिरीला जास्त आहे. बोट्युलिझमचा जिवाणू ४.६ च्या खालच्या पीएचमध्ये वाढत नाही आणि टोमॅटोचा पीएच याच रेषेच्या आजूबाजूला असतो. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याची मार्गदर्शिका क्वार्टभर, म्हणजे जवळपास लिटरच्या बाटलीला दोन टेबलस्पून बाटलीबंद लिंबूरस किंवा अर्धा टीस्पून सायट्रिक आम्ल घालायला सांगते. बाटलीबंद रस अशासाठी, की त्याची आम्लता ठरलेली असते. कांदा-लसूण घातलेला सॉस हा हिशेब बिघडवतो. घरी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे फ्रीझर.

आपला बाजार

महाराष्ट्रात ताज्या टोमॅटोची बाजू आपोआप बळकट होते. इटालियन डबा महाग, आणि टोमॅटो वर्षभर दारात. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात उन्हाळी पीक, नाशिक-पिंपळगाव बसवंतकडे पावसाळ्यानंतरचं. भाव मात्र कोसळतात आणि उसळतात. २०२३ च्या जुलैत किलोला शंभर रुपयांच्या पार गेलेला टोमॅटो त्यानंतर काही आठवड्यांतच मातीमोल झाला होता.

मंडईत साधारण दोन प्रकार दिसतात. लांबट, कडक, जाड गराचे संकरित टोमॅटो आणि गोल, पातळ सालीचे, आंबट गावठी. संकरिताचा सॉस लवकर दाट होतो, पण चवीला फिका असतो. गावठीला चव आणि वास आहे, पण पाणी व बिया फार, आणि आटेपर्यंत आंबटपणाही घट्ट होतो. दोन भाग लांबट आणि एक भाग गावठी, असं मिश्रण मला सगळ्यात योग्य वाटतं. लांबट टोमॅटो विकत आणल्यावर ओट्यावर दोन-तीन दिवस पिकू द्यावेत, देठाशी मऊ लागले की वापरावेत.

अजून न सुटलेलं

साल, फ्रिज, पेक्टिन यांवरचे प्रश्न बरेचसे मिटले आहेत. झटपट की संथ, हा आवडीचा भाग आहे आणि तसाच राहील. फुटलेल्या बियांमुळे कडवटपणा नेमका किती येतो, यावर आचाऱ्यांचा अनुभव एकमेकांशी जुळत नाही.

खरा खुला प्रश्न स्वयंपाकघराच्या बाहेरचा आहे. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात ३९८ वाणांचे जनुकसंच तपासले गेले. जुन्या वाणांत असलेली कितीतरी सुगंधी द्रव्यं आधुनिक वाणांत घटलेली आढळली, आणि ती कोणत्या जनुकांवर अवलंबून आहेत हेही कळलं. चव परत आणता येईल, हे त्यातून दिसतं. पण आपल्या बाजार समितीत वीस किलोच्या क्रेटचा भाव रंग, आकार आणि कडकपणा पाहून ठरतो. तिथे कुणी टोमॅटो चाखून पाहत नाही. चवीचा टोमॅटो लावून शेतकऱ्याच्या पदरात जास्त काही पडत नाही, तोवर तो असा टोमॅटो लावेल कशाला? आणि चवीसाठी चार पैसे जास्त मोजायला गिऱ्हाईक तयार आहे का, हे मंडईत अजून कुणी विचारलेलं नाही.